हल्ला ‘का’ झाला, यावर गावात जाहीर चर्चा घ्यायची तर

दहशतवादी हल्ला झाला की चार दिवसांत बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडच्या एखाद्या मंडळाचा फोन येतोच. “बाई, रविवारी चर्चा ठेवलीय. हल्ल्यामागचा हेतू काय, यावर. या की.” मी जाते. आधी शाळेत इतिहास शिकवताना आणि आता वाचनालयाच्या कामात अशा बऱ्याच चर्चांना बसले, काही स्वतः चालवल्या. त्यातल्या बहुतेक अर्ध्या तासात एकाच जागी अडकतात. कोणी केलं हे कळायच्या आत का केलं ते ठरतं आणि का केलं हे कळायच्या आत दोषी कोण ते ठरलेलं असतं. मग माणसं हल्ल्यावर बोलायचं सोडून शेजारच्या खुर्चीकडे बघून बोलायला लागतात.

कडोली, उचगाव, येळ्ळूरला साहित्य संमेलनं भरवणारी आपली गावं आहेत. मंडप, माइक, पाहुणे, चहा यात आपण कमी पडत नाही. कमी पडतो ते तयारीत आणि क्रमात. म्हणून इथे फक्त तेवढंच लिहिते.

१. दिवस ठरवा: श्रद्धांजली वेगळी, चर्चा वेगळी

मेणबत्त्या लावून, दोन मिनिटं उभं राहून झालं की कुणीतरी माइक हातात घेतो आणि म्हणतो, आता आलोच आहोत तर थोडी चर्चा करू. पहिली चूक इथेच होते. शोकसभेला आलेला माणूस दुःख करायला आलेला असतो, त्याला पुरावे पारखायला बसवू नये. त्यातून आपल्याकडे गावागावांत फौजी घरं आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच बेळगावात आहे. ज्या गल्लीतला मुलगा सीमेवर उभा आहे, त्या गल्लीत त्या संध्याकाळी हेतूचं विश्लेषण ऐकायची कुणाची तयारी नसते, आणि ती नसावीच.

माझा नियम साधा आहे. तेरावं होईपर्यंत चर्चा नाही.

याला दुसरंही कारण आहे. पहिल्या दिवसांतली माहिती टिकत नाही. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळच्या बैसरनमध्ये २६ जणांना मारलं. त्यात महाराष्ट्राचेही होते, कर्नाटकाचेही होते. द रेझिस्टन्स फ्रंट या संघटनेने आधी जबाबदारी घेतली आणि काही दिवसांतच ते म्हणणं मागे घेतलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गोळीबार चालू असतानाच ‘डेक्कन मुजाहिदीन’ नावाने प्रसारमाध्यमांना मेल गेला. तपास पुढे लष्कर-ए-तय्यबापर्यंत पोचला. नॉर्वेत २२ जुलै २०११ ला ७७ माणसं मारली गेली, तेव्हा पहिले काही तास इस्लामी संघटनांची नावं घेतली जात होती. मारेकरी निघाला मुसलमानांचा आणि स्थलांतरितांचा द्वेष करणारा नॉर्वेचाच नागरिक. या तिन्ही वेळी दुसऱ्या दिवशी चर्चा ठेवली असती, तर नको त्या दाव्यावर नाहीतर नको त्या संघटनेवर दोन तास गेले असते.

*तपासा:* ठरवलेल्या तारखेला निवडणुकीची आचारसंहिता, मोठी मिरवणूक किंवा १ नोव्हेंबर तर नाही ना? सीमाभागात १ नोव्हेंबरला मराठी लोकांचा काळा दिन आणि कर्नाटकाचा राज्योत्सव एकाच रस्त्यावर असतात. त्या आठवड्यात ही चर्चा घेऊच नका.

२. प्रश्न ठरवा: ‘का’ हा शब्द फोडून घ्या

हे मी एका निवृत्त सुभेदारांकडून शिकले. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘हल्ला का झाला?’ असं लिहून चर्चा सुरू केली होती. वीस मिनिटांत आवाज चढले. मागच्या रांगेतून ते उठले आणि म्हणाले, “बाई, तुमचं ‘का’ म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगा की.” मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन रात्रभर तेच डोक्यात होतं.

मराठीतला ‘का’ दोन प्रश्न एकाच पोटात घेऊन चालतो: *कशासाठी* आणि *कशामुळे*. कशासाठी म्हणजे करणाऱ्याला काय साधायचं होतं. कशामुळे म्हणजे हे घडू शकलं ते कशाकशाने. त्यात पैसा येतो, आसरा येतो, शेजारच्या देशाचं धोरण येतं, सुरक्षेतली ढिलाई येते, माणूस त्या वाटेला लागला कसा तेही येतं. सभागृहातले अर्धे लोक पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत असतात, अर्धे दुसऱ्याचं, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा विषय टाळतोय. “त्यांना देशात दुही माजवायची होती” आणि “बंदोबस्त नव्हता” ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. पण फळ्यावर एकच ‘का’ असला तर ती एकमेकांच्या अंगावर धावून जातात.

दुसरा खड्डा ‘कारण’ या शब्दात आहे. आपण मुलाला ओरडतो, “कारणं सांगू नकोस.” तिथे कारण म्हणजे सबब. त्यामुळे वक्ता “हल्ल्याची कारणं पाहू” म्हणाला, की ऐकणाऱ्याला वाटतं हा मारेकऱ्यांच्या वतीने सबबी सांगायला उभा राहिलाय. वक्त्याच्या मनात तसं काही नसतं, पण कानावर तेच पडतं. म्हणून पत्रकातून, फलकावरून आणि निवेदनातून ‘कारणं’ हा शब्द मी काढूनच टाकला. त्याऐवजी ‘हेतू’ आणि ‘हे शक्य कसं झालं’ असे दोन वेगळे शब्दप्रयोग वापरते. एवढ्या एका बदलाने निम्मी भांडणं कमी झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

चर्चेचा विषय असा लिहू नका: ‘हल्ल्यामागचं खरं कारण’, ‘हल्ल्यामागे कुणाचा हात?’, ‘धर्म की राजकारण?’ पहिल्यात आधीच गृहीत आहे की सांगितलेलं ते खोटं. दुसरं पोलिसांचं काम. तिसऱ्यात दोनच दारं उघडी ठेवली आहेत.

असा लिहा: ‘हल्ला करणाऱ्यांना काय साधायचं होतं? आजवर काय सिद्ध झालं आहे, काय नाही?’ लांबलचक वाटेल, फलकावर दोन ओळी जातील. जाऊ देत.

*सावध:* कन्नड बोलणारे लोक येणार असतील तर विषय कन्नडमध्येही छापा, पण भाषांतर करणाऱ्याला हा फरक आधी समजावून सांगा. ‘याके’ हा शब्दही आपल्या ‘का’सारखाच दोन्हीकडे चालतो. आमच्या एका पत्रकात मराठीत ‘हेतू’ होतं आणि कन्नडमध्ये नुसतंच ‘याके’ गेलं. दोन भाषांतले लोक दोन वेगळ्या चर्चा करायला आले होते.

३. कागद जमवा आणि त्यांची उतरंड लावा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. किमान चार संध्याकाळी. दोघांतिघांनी बसून हल्ल्याबद्दल जे जे वाचायला मिळतं ते जमवायचं आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायचं: हे कोण म्हणतंय, कधी म्हणतंय, आणि त्याला हे कळलं कसं?

मग उतरंड लावायची. वरून खाली अशी:

न्यायालयाचा निकाल. त्यातही सत्र किंवा विशेष न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय हा क्रम बघा. खालच्या कोर्टाचा निकाल वर टिकेलच असं नाही. मुंबईच्या लोकलमध्ये ११ जुलै २००६ ला सात स्फोट झाले. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये. आता सांगा, त्या स्फोटांच्या हेतूबद्दल आपण दहा वर्षं ज्या खात्रीने बोलत होतो ती कुठल्या पायावर होती?

आरोपपत्र. हे तपास यंत्रणेचं म्हणणं आहे. बाजू आहे, निवाडा नाही. मालेगावात ८ सप्टेंबर २००६ ला स्फोट झाले, नऊ मुस्लिम तरुणांना पकडलं, त्यांचा हेतूही सांगितला गेला. पुढे एनआयएने, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेने, वेगळ्याच लोकांवर आरोप ठेवले आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने आधीच्या आरोपींना आरोपमुक्त केलं. त्याच शहरात २९ सप्टेंबर २००८ ला झालेल्या स्फोटात सहा माणसं मेली. त्या खटल्यातल्या सातही आरोपींना ३१ जुलै २०२५ ला विशेष न्यायालयाने निर्दोष सोडलं. एकाच शहराची ही दोन प्रकरणं मी मुद्दाम एकत्र सांगते. सभागृहातल्या प्रत्येक गटाला यातलं एक प्रकरण पाठ असतं आणि दुसरं त्याने ऐकलेलंच नसतं.

कबुली. वर्तमानपत्रात ‘आरोपीची कबुली’ असा मथळा आला की लोकांना वाटतं विषय संपला. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कायद्यात पुरावा धरला जात नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३ आहे. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, लावला तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली चालते, पण लोकल स्फोटांच्या खटल्यात तशाच कबुल्यांवर उच्च न्यायालयाने विश्वास ठेवला नाही. उलट कसाबच्या खटल्यात त्याने न्यायदंडाधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात ग्राह्य धरला. म्हणजे कबुली आहे का, एवढं विचारून भागत नाही. कुणापुढे दिली, ते विचारायचं.

संघटनेचा दावा. याला मी कबुलीच्याही खाली ठेवते. दावा हा हल्ल्याचाच एक भाग असतो. २००८ च्या हल्ल्यात मुंबईतल्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रातून एक हल्लेखोर टीव्ही वाहिनीशी फोनवर बोलला, स्वतःला हैदराबाद डेक्कनचा म्हणवून घेत भारतातल्या मुसलमानांवरच्या अन्यायाबद्दल बोलला. काय बोलायचं ते पलीकडून त्याचे सूत्रधार फोनवर पढवत होते. ती संभाषणं टेप झाली आणि न्यायालयापुढे आली. हेतू म्हणून जे जगाला ऐकवलं ते आधी घोटून घेतलेलं होतं. कुणी सभेत “त्यांनी स्वतःच तर सांगितलं ना” असं म्हणालं, तर मी हे उदाहरण देते.

‘सूत्रांच्या माहितीनुसार’ ही बातमी त्याच्याही खाली. आणि सगळ्यात तळाला फॉरवर्ड.

फॉरवर्डचं आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण लक्षात ठेवा. ऑपरेशन सिंदूरनंतर पत्रकारांना माहिती देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी यांचं सासर गोकाक तालुक्यातल्या कोण्णूरचं. मे २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर एक मजकूर फिरला की त्यांच्या सासरच्या घरावर हल्ला झाला. हल्ला करणाऱ्यांचं नाव आणि हेतू, दोन्ही त्यात तयार होते. जिल्हा पोलिसांनी तो मजकूर साफ खोटा असल्याचं सांगितलं. गोकाक इथून किती लांब? तरीही बेळगावातल्या माणसांनी कोण्णूरला एक फोन न लावता तो मजकूर पुढे ढकलला. आपल्या बाजूच्या गावचं आपल्याला खात्री करून घेता येत नसेल, तर बैसरनबद्दल बोलताना आवाज किती खाली ठेवावा ते ज्याने त्याने ठरवावं.

*तपासा:* तुमच्याकडे किमान एक निकाल किंवा आरोपपत्राचा तपशील, एक सरकारी निवेदन आणि दोन वेगवेगळ्या वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत का? नसतील तर तारीख पुढे ढकला. नुसत्या कात्रणांवर चर्चा उभी करू नका.

४. माणसं निवडा

तिघंच पुरेत. एक वकील, फौजदारी काम करणारा. निकाल आणि आरोपपत्र यातला फरक तो सोप्या भाषेत सांगेल. एक निवृत्त सैनिक किंवा पोलीस अधिकारी. एक शिक्षक किंवा पत्रकार, ज्याने कागद खरोखर वाचले आहेत. राजकीय पक्षाचा पदाधिकारी नको, कुठल्याही पक्षाचा. स्पेनमध्ये माद्रिदच्या लोकल गाड्यांत ११ मार्च २००४ ला बॉम्बस्फोट झाले, निवडणूक तीन दिवसांवर होती, आणि सरकार ईटा या बास्क संघटनेकडे बोट दाखवत राहिलं. तपास इस्लामी गटाकडे निघाला, सरकार पडलं. ज्याला मतं मागायची आहेत त्याच्या हातात हेतूचा प्रश्न दिला की काय होतं, ते तिथे दिसलं.

सूत्रसंचालन वक्त्यांपैकी कुणाकडेही देऊ नका. त्याला बोलायचं नसतं, थांबवायचं असतं.

आता जे सांगते ते मनावर घ्या. काही वर्षांपूर्वी एका गावच्या चर्चेत एका वक्त्याने समोर बसलेल्या सायकल दुरुस्तीवाल्या चाचांकडे हात केला आणि म्हणाला, “चाचा, तुम्हीच सांगा, या लोकांना नेमकं काय पाहिजे असतं?” वक्त्याचा स्वर वाईट नव्हता, त्याला वाटलं आपण आपुलकीने विचारतोय. चाचा चाळीस वर्षं त्या गावात, माझ्या मुलाच्या पहिल्या सायकलची चेन त्यांनी बसवलेली. ते काही बोलले नाहीत. खाली वाकून खुर्चीखालची पिशवी घेतली, दारात चप्पल शोधायला त्यांना वेळ लागला, कारण गर्दी होती. तेवढा वेळ सगळं सभागृह गप्प बसून त्यांच्याकडे बघत होतं. मी सूत्रसंचालक होते. मी त्या वक्त्याला तिथल्या तिथे थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. दुसऱ्या दिवशी दुकानावर जाऊन मी माफी मागितली. ते “जाऊ दे बाई” म्हणाले आणि पंक्चर काढत राहिले.

हेतू करणाऱ्याचा असतो. ज्याने केलं नाही त्याला तो विचारायचा नाही. पहलगाममध्ये मेलेल्यांत पर्यटकांना वाचवायला गेलेला तिथलाच एक मुस्लिम घोडेवालाही होता.

*सावध:* हल्ल्यात माणूस गमावलेल्या घरच्यांना व्यासपीठावर बोलवू नका. स्वतःहून आले तर पुढच्या रांगेत मानाने बसवा आणि माइक त्यांच्यापुढे नेऊ नका.

५. जागा आणि परवानगी

बंदिस्त सभागृह घ्या. पारावर किंवा चौकात ही चर्चा नको. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, त्यात विषय जसाच्या तसा लिहा, वक्त्यांची नावं द्या, पोच घ्या. अर्ज कन्नडमध्ये दिला तर काम लवकर होतं. जमावबंदी, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३, लागू आहे का ते त्या दिवशी सकाळी पुन्हा विचारा. दोन समाजांत तेढ वाढवणाऱ्या बोलण्याला भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ लागतं आणि अफवेला कलम ३५३. हे वक्त्यांना आधीच वाचून दाखवा, सभेत नको. सभेत वाचलं की धमकी वाटते.

६. संध्याकाळचा क्रम: फळ्याचे चार रकाने

फळा मोठा घ्या आणि आदल्या दिवशीच आखून ठेवा. उभे चार रकाने:

काय घडलं | कोणी केलं | कशासाठी | शक्य कसं झालं

प्रत्येक रकान्यात तीन रंगांच्या खडूंनी लिहायचं. न्यायालयात टिकलेलं ते पांढऱ्याने, तपास यंत्रणेचं किंवा सरकारचं म्हणणं पिवळ्याने, दावे आणि अंदाज लाल खडूने. रंगांचा अर्थ फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, आणि फॉरवर्ड फळ्यावर येणारच नाही हे आधीच सांगून टाका.

डावीकडून उजवीकडेच जायचं. पहिला रकाना भरल्याशिवाय दुसऱ्यात पाऊल टाकायचं नाही. पहिल्या रकान्याला दहा मिनिटं, दुसऱ्याला वीस, तिसऱ्याला तीस, चौथ्याला वीस. एवढ्यात मावतं. पहिल्या रकान्यात लोक कंटाळतात, “ते माहीत आहे हो सगळ्यांना” असं म्हणतात. तरी भरा. तारीख, जागा, मेलेल्यांची संख्या याबद्दलच सभागृहात तीन वेगवेगळे आकडे निघतात, आणि ते निघाले की लोक आपोआप सावरून बसतात.

दुसऱ्या रकान्यात पांढरा खडू फारसा लागत नाही. बहुतेक वेळा पिवळाच चालतो. ते लोकांना दिसू द्या.

तिसरा रकाना हा चर्चेचा गाभा. इथे हेतू एकच असतो हा समज मोडावा लागतो. मी रकान्याला आडव्या रेघा मारून चार खण करते: ज्याने हल्ला आखला, ज्या संघटनेने माणसं आणि शस्त्रं दिली, ज्याने आसरा किंवा पैसा दिला, आणि ज्याने प्रत्यक्ष गोळी झाडली. प्रत्येकाचा हेतू वेगळा लिहायचा.

मुंबईचं उदाहरण घेऊन करून बघा. गोळी झाडणारा कसाब हा प्राथमिक शाळेतूनच बाहेर पडलेला, मजुरी केलेला पोरगा. त्याच्या डोक्यात काय भरलं होतं ते एक. कराचीहून फोनवर हुकूम देणाऱ्यांना हवं होतं ते दुसरं: परदेशी माणसं, ज्यू केंद्र, मोठी हॉटेलं, तीन दिवस टीव्हीवर चालेल असा देखावा. हल्ल्याआधी मुंबईत येऊन जागा टिपून गेलेल्या डेव्हिड हेडलीचा हिशोब तिसरा. ही तिन्ही उत्तरं एका ओळीत कोंबली की “ते द्वेष करतात” एवढंच उरतं. ते खोटं नाही, पण त्यातून पुढचं काहीच कळत नाही.

तिसऱ्या रकान्यात हमखास होणाऱ्या तीन चुका:

*फायदा झाला म्हणजे त्यानेच केलं.* “याने कुणाची सत्ता पक्की झाली ते बघा” हे वाक्य प्रत्येक चर्चेत येतं. आणि ते दोन्ही बाजूंकडून येतं. पाऊस पडला की छत्रीवाल्याचा धंदा होतो, म्हणून पाऊस त्याने पाडला असं कुणी म्हणत नाही. घटनेनंतर कोणी काय साधलं हा चर्चेचा विषय जरूर आहे, पण तो पाचवा रकाना आहे आणि तो दुसऱ्या दिवशीचा.

*निशाण्यावरून हेतू ओळखणं.* कुणाला मारलं त्यावरून कशासाठी मारलं हे बऱ्याचदा कळतं, पण प्रत्येक वेळी नाही. अमेरिकेत ऑर्लँडोच्या पल्स नाइटक्लबमध्ये १२ जून २०१६ ला ४९ जण मारले गेले. तो समलिंगी लोकांचा क्लब, म्हणून हेतू त्यांचा द्वेष, असं अनेकांनी धरलं. २०१८ मध्ये हल्लेखोराच्या पत्नीवर खटला चालला तेव्हा असे पुरावे पुढे आले की तो आधी दुसऱ्याच ठिकाणी गेला होता आणि हा क्लब त्याने ऐनवेळी गाठला. हल्ल्याच्या वेळी तो इस्लामिक स्टेटचं नाव घेत होता. मेलेल्यांचं दुःख याने कमी होत नाही. हेतूचं उत्तर मात्र बदलतं.

*रकाना रिकामा ठेवायची भीती.* लास वेगासमध्ये १ ऑक्टोबर २०१७ ला एका माणसाने हॉटेलच्या खिडकीतून गर्दीवर गोळ्या झाडल्या. एफबीआयने सव्वा वर्ष तपास केला आणि शेवटी सांगितलं की एक असा स्पष्ट हेतू सापडला नाही. एवढ्या मोठ्या यंत्रणेला ते लिहिता आलं तर आपल्या फळ्यावरही ‘अजून कळलेलं नाही’ असं लिहिता येतं. तो खण रिकामा दिसला की कुणीतरी उठून तो भरायला येतोच. त्याला विचारा, “दादा, कुठल्या रंगाने लिहू?”

हा प्रश्न सूत्रसंचालकाने पाठच करून ठेवावा. चढलेला आवाज त्याने खाली येतो, कारण बोलणाऱ्याला खोटं ठरवलेलं नसतं, फक्त पुरावा मागितलेला असतो.

*तपासा:* चौथ्या रकान्यात जाण्याआधी तिन्ही वक्त्यांना एकेक मिनिट द्या आणि विचारा: कुठली गोष्ट पुढे आली तर तुम्ही तुमचं मत बदलाल? ज्याला याचं उत्तर नाही त्याचं मत लाल खडूने लिहा, तो कितीही मोठा माणूस असो.

चौथ्या रकान्यात, म्हणजे ‘शक्य कसं झालं’मध्ये, आपल्या सरकारच्या, गुप्तचर यंत्रणेच्या, पोलिसांच्या चुका येतील. येऊ द्या. मुंबईच्या हल्ल्यानंतर राज्य सरकारनेच राम प्रधान समिती नेमली होती. चुका विचारणं म्हणजे मारेकऱ्याला सोडणं नाही, हे फौजी माणूस सांगेल तेव्हा लोक सहज ऐकतात. म्हणून या रकान्याची सुरुवात त्याच्याकडून करा.

७. प्रश्न चिठ्ठीवर घ्या

उभं राहून विचारलेला प्रश्न बहुतेक वेळा भाषण असतं. दारातच प्रत्येकाला चिठ्ठी आणि पेन्सिल द्या. भाषा कुठलीही चालेल: मराठी, कन्नड, उर्दू. बायका चिठ्ठीवर जास्त मोकळं विचारतात, हा माझा अनुभव आहे. एकदा एका आजींची चिठ्ठी आली होती, “ज्या आईने त्याला वाढवलं तिला माहीत होतं का?” त्यावर वकील, सुभेदार, मी, कुणीच पटकन बोललो नाही. पण त्यानंतरची वीस मिनिटं त्या संध्याकाळची सगळ्यात चांगली गेली.

८. पेटलं तर

तीन गोष्टी, याच क्रमाने. आवाज चढला की आधी फळ्याकडे चालत जा आणि सभागृहाकडे पाठ करून उभे राहा; लोक फळ्याकडे बघतात. तरी थांबलं नाही तर बोलणाऱ्याला नात्याने हाक मारा, काका, अण्णा, मामा, आणि तुमचं वाक्य लिहून घेते म्हणा. लिहा. आणि कुणी सभागृहातल्या माणसाला किंवा त्याच्या समाजाला उद्देशून बोललं, तर लगेच थांबवा आणि सरळ सांगा, “इथे बसलेल्या कुणीही हे केलेलं नाही. प्रश्न मागे घ्या.” यात उशीर नको. मी एकदा केला, तो वर सांगितला आहे.

*सावध:* मोबाइलवर शूटिंगला दारातच नाही म्हणा. दोन तासांच्या चर्चेतले अकरा सेकंद कापून रात्री ग्रुपवर फिरतात, आणि सकाळी ठाण्यात तुम्हाला बोलावतात. मंडळाने स्वतः पूर्ण रेकॉर्डिंग करून ठेवावं.

९. नंतर: वही

फळा पुसण्याआधी त्याचा फोटो काढा. आठवड्याच्या आत तो वहीत उतरवा, रंगांसकट; खडूऐवजी पेनं वापरा. डावं पान भरायचं, उजवं पान कोरं सोडायचं. खटले वर्षानुवर्षं चालतात आणि निकाल लागतो तेव्हा आपल्याला चर्चा आठवतही नसते. वही सांभाळायचं काम एका ठरावीक माणसाकडे द्या, मंडळाकडे नको. मंडळाचे पदाधिकारी दरवर्षी बदलतात. त्या माणसाने जुन्या पानांच्या तारखा सहा महिन्यांतून एकदा चाळायच्या, खटल्याचं काय झालं ते वकिलाला विचारायचं आणि उजव्या पानावर लिहायचं.

आमच्या वहीत जुलै २०२५ मध्ये दोन जुन्या पानांसमोर दहा दिवसांच्या अंतराने लिहावं लागलं, २१ तारखेला आणि ३१ तारखेला. दोन्ही डाव्या पानांवर ‘कोणी केलं’ आणि ‘कशासाठी’ हे रकाने गच्च भरलेले होते, त्यातलं बरंचसं माझ्याच अक्षरात. ते खोडायचं नाही. फक्त समोर तारीख आणि निकाल लिहायचा, आणि पुढच्या चर्चेला ती दोन पानं उघडून वही दाराशी, चिठ्ठ्यांच्या डब्याशेजारी ठेवायची.